कृपेपासून हक्कापर्यंत : मावळातील इजा आणि नुकसानभरपाईचा इतिहास (लोहगडवाडी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोहगड किल्ल्याच्या पायथ्याशी लोहगडवाडी हे छोटे गाव वसले आहे. मळवली स्थानकावर उतरून भाजे गावावरून लोहगडवाडीकडे निघालेल्या वाटसरूला लोहमार्ग मागे टाकून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. या काही किलोमीटरच्या पट्ट्यात भारतीय दळणवळणाचा दोन हजार वर्षांचा इतिहास सामावला आहे. भाजे येथील लेणी प्राचीन व्यापारी मार्गाची साक्ष देतात. लोहगड आणि विसापूर हे किल्ले याच घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी महत्त्वाचे होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली आणि २००२ मध्ये सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या शीर्षकाखाली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांमध्ये लोहगडाचा अंतर्भाव झाला आहे.

दळणवळणाच्या या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. जेथे घाट फोडला जातो तेथे मजूर दगावतात आणि जेथे वाहने धावतात तेथे माणसे जायबंदी होतात. दुसऱ्याच्या कृतीमुळे अथवा हलगर्जीपणामुळे ज्याचा हात, पाय किंवा जीव गेला, त्याच्या कुटुंबाला काय मिळाले आणि ते कोणत्या नात्याने मिळाले, हा प्रश्न मात्र स्थानिक इतिहासलेखनात फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. मावळ परिसराच्या संदर्भात नुकसानभरपाईच्या संकल्पनेत झालेली स्थित्यंतरे स्पष्ट करणे.
२. या स्थित्यंतरांमागील कायदे व न्यायनिर्णय यांचा आढावा घेणे.
३. शेती व असंघटित श्रमावर जगणाऱ्या कुटुंबांना न्याय्य भरपाई मिळण्यातील मुख्य अडचण शोधणे.

मराठा कालखंड : आश्रय आणि समेट

ब्रिटिशपूर्व काळात इजा किंवा मृत्यूबद्दल भरपाई नव्हतीच, असे म्हणता येत नाही. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथाने गोतसभा, मजलस आणि महजर यांच्याद्वारे चालणाऱ्या न्यायनिवाड्याचे स्वरूप अभ्यासकांसमोर आणले. या व्यवस्थेत खुनाच्या प्रकरणी मारेकऱ्याच्या पक्षाने मृताच्या वारसांना जमीन अथवा वतनातील हिस्सा देऊन वैर मिटविण्याची रीत होती. त्यासंबंधीच्या दस्तास 'खूनकतबा' म्हणत. दुसरी रीत लष्करी सेवेशी निगडित होती. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी सरकारातून जे नेमून दिले जाई, त्यास 'बालपरवेशी' असे नाव होते. मावळच्या शिपाईगिरी करणाऱ्या घराण्यांच्या दृष्टीने या रीतीचे मोल मोठे होते.

या दोन्ही रीतींचे स्वरूप मात्र समजून घेतले पाहिजे. खूनकतब्याचा हेतू तुटलेले सामाजिक नाते सांधणे हा होता, तर बालपरवेशी हा धन्याच्या कर्तव्यबुद्धीचा आविष्कार होता. मृताचे उत्पन्न किती होते, त्याच्यावर किती जण अवलंबून होते, याचा हिशेब करून रक्कम ठरविण्याची कल्पना त्यात नव्हती. कुटुंबाची प्रतिष्ठा, धन्याची मर्जी आणि गोताचे वजन या गोष्टी निर्णायक ठरत. मार्च १८१८ मध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि या व्यवस्थेचा आधार असलेली राजसत्ताच संपुष्टात आली.

बोरघाट आणि १८५५ चा कायदा

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार माणूस मरण पावला की त्याला झालेल्या इजेबद्दल दावा करण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर संपत असे. जखमी करणाऱ्यापेक्षा जीव घेणारा आर्थिकदृष्ट्या स्वस्तात सुटे, अशी ही विसंगती होती. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती दूर केली आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात मार्च १८५५ मध्ये प्राणघातक अपघात कायदा (१८५५ चा अधिनियम १३) संमत झाला. दुसऱ्याच्या गैरकृत्यामुळे, दुर्लक्षामुळे किंवा कसुरीमुळे मृत्यू झाल्यास मृताची पत्नी अथवा पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला. कागदावर तरी कृपेची जागा हक्काने घेतली.

या कायद्याला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, जानेवारी १८५६ मध्ये, बोरघाटातील रेल्वेच्या कामाला प्रारंभ झाला. सुमारे पावणेसोळा मैल लांबीचा चढ, १,८३१ फुटांची उंची आणि २५ बोगदे असे हे काम २१ एप्रिल १८६३ रोजी वाहतुकीस खुले झाले. १८६१ च्या सुमारास तेथे ४२,००० च्या आसपास मजूर राबत होते. सुरुंगाचे स्फोट, दरडी आणि कड्यावरून पडणे यांबरोबरच पटकीसारख्या साथींनी हजारो मजुरांचे बळी घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यानंतर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले. मृत मजुरांच्या पत्नींची नावे मात्र त्यात आढळत नाहीत.

१८५५ चा कायदा या विधवांच्या उपयोगी का पडला नाही, याची कारणे त्या कायद्याच्या रचनेतच आहेत. पहिले म्हणजे, दावा करणाऱ्याला समोरच्याची कसूर सिद्ध करावी लागे. सुरुंगाच्या कामात ती दाखविणार कोण आणि साक्ष देणार कोण? दुसरे म्हणजे, रेल्वे कंपनी, युरोपीय कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा उतरंडीत मजुराचा 'मालक' नेमका कोण, हेच ठरत नसे. तिसरे म्हणजे, सहकाऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या इजेस मालक जबाबदार नाही, असा १८३७ पासून इंग्रजी न्यायालयांनी रूढ केलेला 'समान सेवे'चा सिद्धान्त मालकाच्या बचावास उपलब्ध होता. चौथे म्हणजे, हंगामापुरते घाटात आलेले निरक्षर कुटुंब दिवाणी न्यायालयाचा खर्च करू शकत नव्हते.

जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटात वेतनाच्या प्रश्नावरून मजुरांचा उद्रेक झाला. त्यानंतर १८६० चा अधिनियम ९ संमत होऊन रेल्वे व सार्वजनिक बांधकामांवरील वेतनाचे वाद दंडाधिकाऱ्याने झटपट मिटविण्याची तरतूद झाली. त्याच कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. काम अडू नये म्हणून कायदा त्वरेने झाला. काम करताना मेलेल्यासाठी मात्र पुढील सहा दशके वेगळा कायदा झाला नाही, ही बाब वसाहतवादी राज्यसंस्थेचा प्राधान्यक्रम स्पष्ट करणारी आहे.

१९२३ : कसुरीविना दायित्व

पहिल्या महायुद्धानंतर कामगार चळवळ संघटित झाली. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली आणि १९२१ पासून ना. म. जोशी हे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात बसू लागले. या वातावरणात कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. काम करीत असताना व कामामुळे अपघात झाला असेल तर मालकाची कसूर सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. कंत्राटदाराच्या मजुरांबाबत मूळ मालकावरही दायित्व आले. दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्तांपुढे दाद मागण्याची सोय झाली. बोरघाटातील विधवेपुढील चारपैकी तीन भिंती या कायद्याने पाडल्या, असे म्हणता येईल. राहिलेला 'समान सेवे'चा बचावही दिवाणी दाव्यांत १९३८ च्या मालक दायित्व कायद्याने बऱ्याच अंशी निष्प्रभ केला.

तथापि या सुलभतेची किंमत होती. भरपाईची रक्कम ठरीव होती. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर दिले होते : अंगठा गेल्यास २५ टक्के, एक डोळा गेल्यास ३० टक्के, पाय गुडघ्याच्या वर गेल्यास ६० टक्के कमाईक्षमता कमी झाली असे धरले जाई. मोजमाप प्रथमच निश्चित झाले. मात्र ते अवयवाचे होते, त्या अवयवावर चालणाऱ्या संसाराचे नव्हते. शिवाय हा कायदा 'कामगारा'साठी होता. स्वतःच्या खाचरात भात लावणारा मावळचा शेतकरी त्याच्या कक्षेत येत नव्हता. २०१० मध्ये 'कर्मचारी' असे व्यापक नामांतर झालेला हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. परंतु तेथेही भरपाईच्या या तरतुदींचा पाया मालक व नोकर हे नातेच आहे.

रेल्वे प्रवाशांच्या बाबतीतही असाच प्रवास दिसतो. १९४३ मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन गाडीच्या अपघातात कसूर सिद्ध न करता भरपाई मिळण्याची तरतूद झाली व तिची कमाल मर्यादा १०,००० रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही भरपाई ८ लाख रुपये आहे.

रस्ता, वाहन आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९३९ मधील तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा प्राधिकरणांची तरतूद झाली. भरपाई देणारा आता निर्धन चालक नसून विमा कंपनी होती. १९८२ मध्ये दोषविरहित दायित्वाचे तत्त्व येथेही आले. मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये ही तातडीची रक्कम ठरली. १९८८ च्या कायद्याने ती अनुक्रमे २५,००० व १२,००० आणि १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,००० रुपये केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून कसूर सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. या निश्चित रकमांपलीकडे प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई हवी असेल तर मात्र प्राधिकरणापुढे कसूर दाखवावी लागते. फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा तेथे अपेक्षित नसतो.

१९९४ च्या दुरुस्तीमुळे अपघात जेथे घडला तेथेच नव्हे, तर दावेदार जेथे राहतो तेथील प्राधिकरणापुढेही अर्ज करता येऊ लागला. दूरच्या जिल्ह्यात अपघात झालेल्या मावळच्या रहिवाशाला यामुळे पुण्यात दाद मागता येते. त्याच दुरुस्तीने अर्जाची मुदतही काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली. या तरतुदीला आव्हान दिले गेले असून केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. दुसरीकडे, पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल प्राधिकरणाकडे पाठवावा, अशीही तरतूद आहे. तिची अंमलबजावणी चोख झाल्यास जखमीला स्वतः धावपळ करण्याची गरज कमी होते.

विम्याच्या छत्रालाही छिद्रे आहेत. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांबाबत विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये दिला. बाजाराला किंवा लग्नाला टेम्पोतून जाणाऱ्या ग्रामस्थांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

मोजमापाचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या सुसम्मा थॉमस, २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निर्णयांतून भरपाईच्या गणिताला एकरूपता आणली. मृताचे उत्पन्न, त्यातील भविष्यातील वाढ, स्वतःवरील खर्चाची वजावट आणि वयानुसार ठरलेला गुणक हे त्याचे चार घटक होत. उदाहरणादाखल, स्वयंरोजगार करणारी ३८ वर्षांची व्यक्ती मरण पावली आणि तिच्यावर चार जण अवलंबून आहेत, असे मानू. मासिक उत्पन्न १०,००० रुपये धरल्यास ४० टक्के वाढीसह ते १४,००० होते. वार्षिक १,६८,००० मधून एक चतुर्थांश वजा करून १,२६,००० उरतात आणि १५ या गुणकाने भरपाई १८,९०,००० रुपये येते. तेच उत्पन्न १५,००० रुपये धरले तर भरपाई २८,३५,००० होते. मासिक उत्पन्नातील ५,००० रुपयांच्या फरकाने भरपाईत ९,४५,००० रुपयांचे अंतर पडते.

खरा संघर्ष आता येथे आहे. वय, अवलंबितांची संख्या व गुणक यांबद्दल वाद क्वचितच होतो. उत्पन्नाबद्दल मात्र हमखास होतो. पगारदाराकडे वेतनचिठ्ठी असते. लोहगडवाडीसारख्या गावातील कुटुंबाचे उत्पन्न पावसाळ्यातील भात, दुभती जनावरे, हंगामी मजुरी आणि पर्यटकांच्या जेवणाची व राहण्याची सोय अशा अनेक ओढ्यांनी येते. त्यांपैकी बहुतेक रोखीने येते. सातबारा उतारा जमिनीची नोंद दाखवितो, त्या जमिनीत कोणी किती राबले हे दाखवीत नाही. पुरावा नसल्यास प्राधिकरण अंदाजाने उत्पन्न ठरविते आणि तो अंदाज बहुधा किमान वेतनाच्या आसपास राहतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक होते. १९९४ च्या परिशिष्टात कमावत्या नसलेल्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश मानले होते. जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीसंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० च्या अरुणकुमार अगरवाल निर्णयाने गृहिणीला अनुत्पादक मानण्याच्या दृष्टीवर टीका केली आणि २०२१ च्या कीर्ती निर्णयाने गृहिणीच्या कल्पित उत्पन्नातही भविष्यातील वाढ धरावी असे स्पष्ट केले. भातलावणी, गुरे, सरपण, स्वयंपाक आणि पर्यटकांची सरबराई ही सर्व कामे एकाच दिवसात उरकणाऱ्या मावळातील स्त्रीला केवळ 'गृहिणी' म्हणणेही अपुरे आहे. ती एकाच वेळी गृहिणी, शेतकरी व व्यावसायिक असते.

जखमींच्या बाबतीत २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निर्णय मूलगामी ठरला. वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या भिन्न गोष्टी आहेत, असे न्यायालयाने सांगितले. डावा हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकेल, पण चालक किंवा सुतार यांचे संपूर्ण उपजीविकेचे साधन जाऊ शकते. वरील उदाहरणातील व्यक्ती मृत्यू न पावता जखमी झाली असती, तर वैद्यकीय टक्केवारीप्रमाणे ३० टक्के हानी धरून ७,५६,००० रुपये आणि डोंगरउतारावरील शेती बंद पडल्याने कार्यात्मक हानी ६० टक्के धरल्यास १५,१२,००० रुपये झाले असते. उपचारखर्च व वेदना यांची भरपाई याशिवाय असते. १९२३ च्या परिशिष्टाने अवयव मोजला. या निर्णयाने त्या अवयवावर चालणारे जीवन मोजण्यास सुरुवात केली. मात्र त्यासाठी जखमी व्यक्तीचे काम नेमके कोणते होते, हे कोणीतरी प्राधिकरणाला सांगावे लागते.

राज्यसंस्थेचे दायित्व आणि 'सानुग्रह' मदत

इजा करणारी राज्यसंस्थाच असेल तर काय, हा प्रश्न मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी उभा राहिला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. १९८३ च्या रुदुल शाह आणि १९९३ च्या नीलबती बेहेरा या निर्णयांनी मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल राज्यसंस्थेने भरपाई द्यावी, हे तत्त्व प्रस्थापित केले आहे. तरीही कोणत्याही दुर्घटनेनंतर शासकीय भाषेत जो शब्द प्रथम येतो तो 'सानुग्रह' हा असतो. अनुग्रह म्हणजे कृपा. मदत त्वरित मिळते हा तिचा गुण होय, परंतु तिची रक्कम नुकसानीच्या हिशेबाने ठरत नाही. या अर्थाने बालपरवेशीची परंपरा आजही जिवंत आहे. सानुग्रह रक्कम हाती पडली म्हणजे हक्काची भरपाई मिळाली, असा समज ग्रामीण भागात रूढ होणे अनिष्ट आहे.

निष्कर्ष

१. मराठा कालखंडातील भरपाई आश्रय व समेट यांवर आधारलेली होती. १८५५ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले, पण कसुरीच्या अटीमुळे बोरघाटातील मजुरांना त्याचा लाभ होऊ शकला नाही.
२. १९२३ च्या व मोटार वाहनविषयक कायद्यांनी 'दोष कोणाचा' आणि 'पैसे कोण देणार' या दोन प्रश्नांची बऱ्याच अंशी उत्तरे दिली.
३. 'नुकसान किती' हा तिसरा प्रश्न मात्र नोंद नसलेल्या श्रमावर जगणाऱ्या कुटुंबांसाठी अद्याप खुला आहे. न्यायनिर्णयांनी तत्त्व उदार केले असले तरी पुराव्याअभावी त्याचा लाभ पूर्णांशाने मिळत नाही.
४. म्हणून दूध संकलनाची पुस्तिका, भात विक्रीच्या पावत्या, पर्यटकांच्या निवास-भोजनाच्या नोंदी आणि बँक खात्यातील व्यवहार यांना केवळ व्यवहाराचे नव्हे, तर संरक्षणाचे साधन मानले पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न गटांना मोफत कायदेशीर साहाय्याचा अधिकार आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती गावोगावी पोहोचविता येईल.

बोरघाटात मरण पावलेल्या मजुराचे नाव, वय आणि रोजी कोणी लिहून ठेवली नाही. त्यामुळे त्याच्या कुटुंबाचे नुकसान मोजताच आले नाही. दीड शतकानंतर त्याच घाटमाथ्यावर कायदा बदलला आहे. श्रमाची नोंद ठेवण्याचे काम मात्र अजून अपुरेच आहे.